लिपोव्हा बँकेची धुतलेली नोट

मी, अल्बीना मारी दोलेझाल, वय सदुसष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार लिपोव्हा, नेब्रास्का, हे माझे शेवटचे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही, आणि ते दुरुस्त करण्यासाठी बारा नोव्हेंबरला मला ओमाहाच्या इस्पितळात दाखल व्हायचे आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की कोणाचे दडपण नाही. यापूर्वी १९७४ आणि १९८९ साली मी लिहिलेली दोन मृत्युपत्रे या कागदाने रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, पण जे लिहायला हवे होते तेही नव्हते.

लिहिण्यास सुरुवात: सोमवार, २६ ऑक्टोबर १९९८.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील एडविन स्टेह्लिक यांनी करावी. एडविन तिसरीत माझ्या वर्गात होता आणि पन्नाशी उलटली तरी मला 'मिस दोलेझाल' म्हणतो. माझी पहिली पाने पाहून तो म्हणाला, "मिस दोलेझाल, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत. कोणाला काय द्यायचं, तेवढं पुरे."

"तिसरीतही तू दोन ओळींत निबंध संपवायचास," मी म्हणाले.

"आणि तुम्ही लाल शाईनं शेरा मारायचात, 'का ते लिही.'"

"मग? तेच करतेय मी. का ते लिहितेय."

त्याने चष्मा काढून पुसला आणि पाने परत दिली.

कलम २. माझा अंत्यविधी आमच्याच चर्चमध्ये व्हावा. भाषण नको. फादरांना बोलायचेच असेल तर त्यांनी पाच मिनिटांत आटपावे. गावच्या बँडमधल्या म्हाताऱ्यांपैकी जे तेव्हा उभे राहू शकतील त्यांनी कबरीपाशी एक वॉल्ट्झ वाजवावा, सावकाश.

कलम ३. माझा पियानो शाळेला द्यावा. त्याच्या वरच्या बाजूच्या दोन पट्ट्या मुक्या आहेत. दुरुस्तीचे पैसे स्टुलाच्या खणात ठेवले आहेत.

वेदीवरच्या वस्त्रांच्या धुण्याचे आणि इस्त्रीचे माझे सगळे साहित्य चर्चच्या महिला मंडळाला मिळावे. मी सत्तेचाळीस वर्षे ही वस्त्रे धुतली. जिन्याखाली काळ्या दांड्याची एक जुनी इस्त्री आहे, ती मात्र कोणाला देऊ नये, भंगारात टाकावी. त्याचे कारण पाचव्या कलमात आहे.

माझा चुलतभाऊ ओत्मार दर नाताळात फोन करून "नोट बरी आहे ना?" असे विचारतो. माझी तब्येत त्याने आजवर विचारलेली नाही. त्याला माझे नोटा बघायचे भिंग द्यावे. बघायला नोट देऊ नये.

इस्पितळाचे आणि अंत्यविधीचे देणे भागवून बचतीतले जे उरेल ते गावच्या वाचनालयाला द्यावे.

कलम ४. लिपोव्हाच्या फर्स्ट नॅशनल बँकेच्या दोन नोटा माझ्याजवळ आहेत. माझी भाची-पुतवंडे हे वाचतील आणि त्यांनी अशी नोट कधी हातात धरलेली नाही, म्हणून चार ओळी लिहिते. एके काळी आपल्या देशात गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. कागद आणि छपाई वॉशिंग्टनची, हमी सरकारची, पण नोटेच्या मधोमध नाव आपल्या गावाचे, आणि खाली आपल्याच गावातल्या दोन माणसांच्या सह्या: बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर.

१९०३ साली आमच्या गावची बँक उघडली आणि माझे आजोबा व्हाक्लाव दोलेझाल तिचे कॅशियर झाले. वखारवाले ह्रुबी अध्यक्ष होते. नोटांचे न कापलेले ताव रेल्वेने येत. एका तावावर चार नोटा, तीन दहाच्या आणि एक वीसची. दोघे आजोबांच्या जेवणाच्या टेबलावर बसत आणि टाकाने एकेका नोटेवर सही करत. शाई वाळली की आजी आपल्या शिवणाच्या कात्रीने ताव कापत असे. आमच्या बँकेच्या नोटांच्या कडा कधी सरळ नसतात, त्याचे कारण आजी. कापताना ती बोलत असे.

पहिल्या तावावरच्या चारही नोटांचा क्रमांक एक होता. त्यांतली एक दहाची नोट आजोबांनी आपल्या खिशातले दहा डॉलर बँकेत भरून ठेवून घेतली. तिच्यावर लाल शिक्का होता, आणि आजोबांच्या सहीतला इंग्रजी 'डी' रुंद छातीच्या माणसासारखा होता असे आई सांगे.

१९२४ साली बँक बुडाली. लोकांच्या ठेवी गेल्या, आजोबांचे होते नव्हते ते गेले. काल दारात उभे राहून बिअर पिणारे शेजारी त्यांना पाहून रस्ता ओलांडू लागले. पण बँक बुडाली तरी तिच्या नोटा बुडाल्या नाहीत, कारण त्यांच्यामागे सरकार उभे होते. पुढे धुळीच्या वादळांची वर्षे आली, घरात पीठ नव्हते, तेव्हाही आजीने ती नोट मोडली नाही. ती म्हणे, "यांच्या सहीवर कोणी थुंकलं नाही असा हा एकच कागद उरलाय." नोट तिच्या चेक भाषेतल्या प्रार्थनापुस्तकात असे. आजीमागून पुस्तक आणि नोट माझ्या आईकडे, ज्युलीकडे, आली.

अशा नोटेची किंमत कशावर ठरते हे मी पुढे चाळीस वर्षे शिकत राहिले. गाव जितके लहान आणि बँक जितकी अल्पायुषी, तितक्या तिच्या नोटा कमी उरतात. लाल शिक्का थोडीच वर्षे चालला. पहिला क्रमांक क्वचित मिळतो. सह्या रबरी शिक्क्याच्या नसून टाकाच्या असतील तर संग्राहक जास्त मोजतात. पण या सगळ्याच्या आधी ते कागद बघतात, आणि त्याला कोणी काही केलेले नाही ना, हे बघतात.

मी केले होते.

कलम ५. हे कलम मी याआधी कुठेही लिहिलेले नाही.

१९५६च्या उन्हाळ्यात लिपोव्हा गावाला पंचाहत्तर वर्षे होणार होती. औषधांच्या दुकानाच्या काचेमागे गावातल्या जुन्या वस्तू मांडायच्या ठरल्या होत्या, आणि आईने नोट द्यायचे कबूल केले होते. सोहळा झाला की नोट विकायची होती. लिंकनचे जुन्या नोटांचे व्यापारी मिस्टर होल्कम यांनी पत्राने सव्वाशे डॉलर देऊ केले होते, म्हणजे तेव्हाचा माझा अर्ध्या महिन्याचा पगार. माझा भाऊ लॅडिमिर आणि त्याची बायको आर्डिस तेव्हा आमच्याकडेच राहत. आर्डिसला सातवा महिना होता. त्या पैशांतून पाळणा आणि कपडे धुण्याचे वापरलेले यंत्र घ्यायचे होते.

मी पंचवीस वर्षांची होते. त्या दिवशी घरात एकटीच होते. पुस्तकातून नोट काढून पाहिली. तिच्यावर पन्नास वर्षांच्या हातांचा मळ होता, आणि कोपऱ्यावर लोण्याचा पिवळा डाग. मला वाटले, उद्या गाव काचेपुढे उभे राहील आणि म्हणेल, दोलेझालांची नोट दोलेझालांच्या नावासारखीच मळकी. आजोबांना मी पाहिलेले नाही. पण शाळेत मुलींनी माझ्या तोंडावर "तुझ्या आजोबांनी आमची गाय खाल्ली" असे म्हटलेले मी ऐकले आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या शाळेत चार वर्षे राहून शिकले. तिथे सिस्टर बेनिग्ना आम्हाला वेदीवरची वस्त्रे धुवायला शिकवत. देवाच्या टेबलावर जाणारे कापड तीन पाण्यांतून जाते, असे त्या म्हणत. पहिले पाणी साबणाचे, दुसरे निळीचे, तिसरे खळीचे. वर्गात माझ्यासारखी इस्त्री कोणाची नसे. त्या दिवशी मी नोटेला तेच केले. डागावर ब्लीचचे दोन थेंब टाकले. नोटांचा कागद चिवट असतो, तो काही फाटला नाही. पण ओल्या कागदावर ब्लीच पसरले आणि सह्यांची शाई आधी तपकिरी झाली, मग पिवळी झाली. मी झटकन नोट उचलली तोवर दोन्ही सह्या गेल्या होत्या. आता काय करावे हे सुचेना, म्हणून पुढचे जे येत होते ते केले. खळ दिली, इस्त्री फिरवली, आणि नोट पुस्तकात परत ठेवली.

काचेमागे ती आठवडाभर होती. लांबून कोणाच्या लक्षात आले नाही. उलट लोक म्हणाले, किती छान जपली आहे.

मग मिस्टर होल्कम आले. याच टेबलाशी बसले. आई त्यांच्यासमोर, लॅडी दाराला टेकून, आर्डिस मोरीपाशी बटाटे सोलत, आणि मी कॉफीचे भांडे घेऊन उभी. त्यांनी नोट चिमट्याने धरली, खिडकीच्या उजेडाकडे नेली, मग नाकाशी धरली.

"बाई, ही कोणी धुतली?"

"धुतली?" आई म्हणाली. "नोट कोण धुतं?"

"साबण, ब्लीच, खळ. वरून इस्त्री." त्यांनी नोट खाली ठेवली. "सह्या गेल्यात. मळ चालतो, बाई. घडी चालते, टाचणीचं भोकसुद्धा चालतं. धुतलेलं चालत नाही. मी पंधरा डॉलर देईन, तेही तुम्ही मला केक खायला घातलात म्हणून."

आईने मान वळवून मोरीकडे पाहिले.

"मी नाही," आर्डिस म्हणाली.

"मी काही विचारलं का?"

"तुम्ही बघताय तसं, आई."

"या घरात बटाट्यांना साबण कोण लावतं? दाराच्या कड्या कोण घासतं? तुम्हा स्वीडिश लोकांना देवसुद्धा घासून पुसून लागतो. आमच्या चर्चमध्ये आलीस तेव्हा आधी बाकावर बोट फिरवून पाहिलंस, मी बघितलंय."

लॅडी हसला. त्याला भांडण झाले की हसू येई, लहानपणापासून. "आर्डिस, चुकून लावलास का गं साबण?"

"लॅडी, ती नोट मी आजवर हातात धरलेली नाही. तुझ्या आईनं मला ती कधी दाखवलीच नाही."

तो क्षण माझा होता. कोणीतरी बोलावे म्हणून ते घर थांबले होते. मी म्हणाले, "आणखी कॉफी हवी का कोणाला?"

तेवढेच.

महिन्याभरात लॅडी आणि आर्डिस दोन खोल्या भाड्याने घेऊन वेगळे झाले. रॉक्सॅनच्या बाप्तिस्म्याला आई गेली नाही. १९७१ साली आई वारली, तोपर्यंत तिने आर्डिसच्या हातचे पाणीसुद्धा घेतले नाही. घर तिने माझ्या नावावर केले. म्हणाली, "लॅडीला दिलं की ते तिचं होईल, आणि ती भिंतींचा रंग धुऊन काढेल." मी घर घेतले. सत्तावीस वर्षे मी त्यात राहते आहे.

लॅडीला बायको आवडत असे. पण त्याने त्या गोष्टीचा विनोद करून टाकला, आणि विनोद टिकतो. लग्नात, बारशात, पत्त्यांच्या टेबलावर तो ओरडे, "नोटा लपवा रे, आर्डिस आली!" आणि त्याचा मित्र मायलो यांडा टोपीत पाकीट लपवून दाखवी. सगळे हसत. आर्डिसही हसे. मीही.

मी हे पाप फादरांना सांगितले नाही असे नाही. त्याच वर्षी सांगितले. फादर म्हणाले, देवाने माफ केले, पण ज्या बाईचे नाव खराब झाले तिचे तू बघ. प्रायश्चित्त म्हणून तीन माळा जपायला सांगितल्या. माळा मी त्याच संध्याकाळी पुऱ्या केल्या.

आर्डिसला सांगण्याऐवजी मी नोटा शोधू लागले. व्यापाऱ्यांना पत्रे लिहिली, याद्या मागवल्या, लिपोव्हाचे नाव कुठे दिसते का बघत राहिले. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या एका मयत गृहस्थाच्या कपाटातून त्याच पहिल्या तावावरची वीसची नोट निघाली. क्रमांक एक. दोन्ही सह्या काळ्याभोर, एक कड आजीने वाकडी कापलेली. आठ वर्षे साठवलेले पैसे देऊन मी ती घेतली आणि थेट लॅडीच्या घरी नेली. मला वाटले होते, आज सांगेन. लॅडी म्हणाला, "अरे वा! आता ही आर्डिसपासून जरा लांब ठेव." आर्डिस ॲपल पाय कापायला आत निघून गेली, आणि मी नोट पिशवीत परत ठेवली. १९९१ साली लॅडी गेला.

कलम ६. वरील कारणांसाठी माझे राहते घर, त्याखालची जमीन आणि दोन्ही नोटा मी माझी भावजय आर्डिस दोलेझाल हिला देत आहे. वीसची नोट आज दहा हजार डॉलरच्या आसपास जाईल असे मला दोन व्यापाऱ्यांनी कळवले आहे. पत्रे नोटेसोबत आहेत.

(हे कलम ३ नोव्हेंबर रोजी मीच रद्द केले आहे. खोडलेले नाही. वाचता यावे म्हणून ठेवले आहे.)

कलम ७. मंगळवार, ३ नोव्हेंबर. इथवर लिहून झाल्यावर मी काल आर्डिसला फोन करून बोलावले. ती एकोणसत्तर वर्षांची आहे. ॲपल पाय भाजून घेऊन आली. या स्वयंपाकघरात ती कधी बसत नाही. नाताळात आली तरी दारातून बश्या देते आणि बाहेरच्या खोलीत जाते. कालही उभीच होती. मी पाचवे कलम तिच्या हातात दिले आणि तिने ते फ्रिजपाशी उभ्यानेच वाचले. मागचे पान पुढे घेऊन एकदा पुन्हा वाचले.

मग म्हणाली, "नोट दाखव."

मी पुस्तक आणले. तिने चष्मा कपाळावर सरकवून नोट अगदी डोळ्यांजवळ धरली, पाठपोट बघितली, अंगठ्याने कड चाचपली.

"इस्त्री मात्र झकास केलीस," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

मी म्हणाले, "आर्डिस, मला माफ कर."

"ते नंतर बघू. आधी माझं ऐक. लॅडी गेला त्याच्या आधीच्या आठवड्यात, मी त्याचं तोंड पुसत होते, तर म्हणाला, 'आर्डिस, आता तरी सांग. मी रागवायचा नाही.' पस्तीस वर्षं त्याच्या मनात होतं ते. मला वाटायचं, निदान तो तरी नुसती थट्टा करतोय."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मी म्हटलं, 'हो रे, मीच धुतली. चांगली दिसावी म्हणून.' त्यानं माझा हात थोपटला. म्हणाला, 'मला माहीत होतं, वेडे.' आणि झोपला. बरं वाटलं त्याला."

ॲपल पाय टेबलावर मधोमध तसाच पडून होता. तिनेच सुरी मागितली आणि दोन तुकडे कापले.

"हे वाचायचं कधी?"

"मी गेल्यावर. एडविन वाचेल सगळ्यांसमोर."

"हं. म्हणजे तू आरामात जमिनीखाली, आणि मी वर बसून लोकांचे उसासे ऐकायचे. 'बिचारी अल्बीना, केवढं मोठं मन!' नाही बाई. मला ते नको. रविवारी चर्चच्या तळघरात जेवण आहे ना? तिथं वाच. तू स्वतः. बदक वाढायच्या आधी."

"आधी?"

"आधी. जेवल्यावर निम्मे पेंगतात, आणि मायलो तर आधी घोरतो, मग जेवतो."

"एवढं सगळं वाचू?"

"पाचवं कलम. त्यातलं एक अक्षर गाळायचं नाही. कॉफीचंसुद्धा."

मी हो म्हणाले. मग मी तिला सहावे कलम दाखवले, घराचे आणि नोटांचे. तिने ते एकदाच वाचले.

"साक्षीदार कोण आहेत?" तिने विचारले.

"शेजारची बर्निस. दुसरा शोधायचाय."

"मी करते सही."

मी एडविनला फोन लावला. तो म्हणाला, "मिस दोलेझाल, तसं नको. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर उद्या कोणीही उठून हरकत घेईल, आणि त्यांचा वाटा अडकेल. आर्डिसबाईंना विचारा, घर आणि नोट हवीय, की सही करायचीय. दोन्ही जमणार नाही."

तो मोठ्याने बोलतो. आर्डिसने माझ्या हातातून फोन घेतला. "एडविन, मला ऐकू आलं. सही."

"नीट विचार करा, आर्डिसबाई. घर आहे. शिवाय ती नोट म्हणजे..."

"नोट किती मोलाची आहे ते मला कळतं रे. बेचाळीस वर्षं मी तिच्याच नावानं ओळखली जातेय. मला या स्वयंपाकघराची मालकीण व्हायचं नाही. मला या कागदावर खाली माझं नाव हवंय, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की मी हे वाचलं होतं, ती जिवंत असताना, आणि तिच्यासमोर." तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "खा. गार झाला की याचं पीठ होतं."

कलम ८. म्हणून सहावे कलम रद्द, आणि त्याऐवजी असे:

माझे राहते घर, त्याखालची जमीन आणि वीसची नोट मी माझी भाची, लॅडिमिर आणि आर्डिस यांची मुलगी रॉक्सॅन हिला देत आहे. रॉक्सॅन, तुझ्या बाप्तिस्म्याला तुझी आजी आली नाही ती माझ्यामुळे. नोट विकायची की ठेवायची ते तू ठरव, मला दोन्ही चालेल. ठेवलीस तर धुऊ नकोस, इस्त्री करू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस, आणि प्लास्टिकमध्ये गरम करून कायमची बंद करून देणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठव.

दहाची धुतलेली नोट लिपोव्हाच्या वाचनालयाला द्यावी. बाजारात तिचे आज तीनशे डॉलर येतील. ती विकू नये. काचेखाली ठेवावी आणि सोबत मी लिहून ठेवलेले कार्ड लावावे. कार्डावर असे आहे: 'फर्स्ट नॅशनल बँक ऑफ लिपोव्हा, दहा डॉलर, क्रमांक १. कॅशियर व्हाक्लाव दोलेझाल यांची सही इथे होती. १९५६ साली त्यांची नात अल्बीना हिने नोट धुतली.' कार्डाची भाषा कोणी मवाळ करू नये.

लॅडीला खरे सांगायचे राहून गेले. ते या कागदाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

कलम ९. रविवार, ८ नोव्हेंबर, दुपार. आज सकाळच्या मिस्सा प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सुमारे एकशे चाळीस माणसे जमली होती. फादरांनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली आणि मला माइक दिला. मी पाचवे कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. वाचताना वर पाहिले नाही. कॉफीच्या वाक्याशी आले तेव्हा स्वयंपाकघरात वाढणाऱ्या बायकांनी नळ बंद केला.

वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याचे मला बरे वाटले. ओत्मार छताकडे बघत होता. रॉक्सॅन आईचा हात धरून बसली होती. मायलो यांडा उठला, दोन टेबले ओलांडून आर्डिससमोर जाऊन उभा राहिला.

"आर्डिस, मी किती वेळा ते..."

"मोजलंय मी, मायलो."

"मग सांग ना किती."

"बस खाली. बदक गार होतंय."

तो बसला, तिच्याच शेजारी, आणि पूर्ण जेवण होईपर्यंत तिला वाढत राहिला. माझ्याशी बरीच माणसे बोलली नाहीत. ते बरोबरच आहे. आर्डिस माझ्या समोर बसली होती. तिने मला मीठ मागितले, मी दिले.

टेबले आवरल्यावर, त्याच तळघरात, एडविनच्या देखत, हे मृत्युपत्र मी पुन्हा वाचून पाहिले. सगळी पाने माझ्या हाताची आहेत. प्रत्येक पानावर माझी आद्याक्षरे आहेत. जे लिहिले ते मला मान्य आहे आणि यात माझ्या इच्छेविरुद्ध एकही शब्द नाही.

ठिकाण: लिपोव्हा, नेब्रास्का
दिनांक: ८ नोव्हेंबर १९९८

(सही) अल्बीना मारी दोलेझाल

साक्षीदार पहिला: अल्बीना दोलेझाल यांनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर आहेत आणि स्वतःच्या मर्जीने करत आहेत. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही.

(सही) बर्निस कोझेल, शेजारीण

साक्षीदार दुसरा: तिने माझ्यासमोर सही केली. ती शुद्धीवर आहे. हे सगळं मी सोमवारी वाचलं आणि आज तिच्या तोंडून सगळ्यांबरोबर ऐकलं. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही, असं लिहायला एडविन सांगतो आहे, म्हणून लिहिलं.

(सही) आर्डिस दोलेझाल, भावजय